नाताळच्या जेवणात हरवलेला गणपती

डिसेंबर उजाडला आणि दुकानांतून टर्कीच्या जाहिराती लागल्या, की मला ते प्रकरण आठवतं आणि एकट्यालाच हसू येतं. प्रत्यक्षात त्या दोन दिवसांत हसण्यासारखं काहीही नव्हतं. एका मुलीचं अमेरिकेतलं सगळं शिक्षण पणाला लागलं होतं आणि तिच्याविरुद्धची तक्रार माझ्या टेबलावर होती.

मी तेव्हा मिशिगनमध्ये, ट्रॉयच्या शेजारच्या एका गावात डिटेक्टिव्ह सार्जंट होतो. ओळखीतल्या सगळ्यांची मुलं अमेरिकेत जाऊन इंजिनियर झाली, आमचा एकटाच पोलीस झाला, हे माझी आई सांगलीत जरा आवाज खाली आणूनच सांगायची. वडील स्वतः हवालदार होते. त्यांना माझ्या गणवेशाचा फोटो फार आवडायचा, पण बंदुकीऐवजी हातात कॉफीचा कप का, हा प्रश्न त्यांनी शेवटपर्यंत सोडला नाही.

नाताळच्या दिवशी मी दरवर्षी ड्यूटी मागून घ्यायचो. स्टेशनातल्या बाकीच्यांना घरी जाता यायचं आणि त्या बदल्यात गणपतीच्या दिवसांत माझी पाळी ते सांभाळायचे. ही व्यवस्था कुठल्याही नियमात नव्हती, पण नियमांपेक्षा चोख चालायची. नाताळला काम तसं बेताचंच. एखादी गाडी बर्फात रुतलेली असते, एखाद्या घरी दोन भावांची जुनी भांडणं उकरून निघालेली असतात. त्या संध्याकाळी मात्र गस्तीवरच्या तरुण शिपायाचा फोन आला. एका थाई रेस्टॉरंटमधून सोन्याची चेन आणि लॉकेट चोरीला गेलं होतं. तक्रारदार भारतीय, जेवायला आलेले सगळेच भारतीय, आणि सगळे एकदम बोलताहेत, म्हणून तुम्हीच या, असं तो म्हणाला.

या रेस्टॉरंटबद्दल आधी सांगतो. नाताळच्या दिवशी आमच्या भागात बहुतेक सगळी हॉटेलं बंद असतात. ही थाई मालकीण मात्र त्या दिवशी नूडल्स आणि करी बाजूला ठेवून अस्सल नाताळचं जेवण करायची: भाजलेली टर्की, बटाट्याचा लगदा, ग्रेव्ही, क्रॅनबेरीची चटणी, शेवटी सुक्या मेव्याचं काळं पुडिंग. हे ती शिकली होती थायलंडमध्येच. समुद्रकाठच्या एका हॉटेलात ती स्वयंपाकी होती आणि तिथे येऊन स्थायिक झालेले म्हातारे इंग्रज, जर्मन, स्वीडिश लोक नाताळला त्या हॉटेलात जेवायला यायचे. बाहेर घाम फुटणारं ऊन आणि आत ही मंडळी डोक्यावर रंगीत कागदी मुकुट घालून टर्कीची वाट पाहत बसलेली. ती मला एकदा म्हणाली होती, "सार्जंट, पहिला घास घेतला की त्यांच्यातला एखादा तरी रडायचाच. मी तेव्हाच ठरवलं, की हे जेवण नीट शिकायचं." पुढे ती स्वतःच परदेशी झाली, आणि तिच्याकडे नाताळ जेवायला येऊ लागली आमची मराठी माणसं. कागदी मुकुट तिने तिकडून जसेच्या तसे आणले होते.

त्या दिवशी आमच्या मराठी मंडळाच्या पंधरा-वीस कुटुंबांनी ते रेस्टॉरंट पूर्ण घेतलं होतं. रिवाजाप्रमाणे दोन टेबलं मांडली होती, एक व्हेज आणि एक नॉनव्हेज. आमची माणसं चंद्रावर गेली तरी ही दोन टेबलं आधी मांडतील. दारात एक छोटी खोली होती, तिथे सगळ्यांचे जाड कोट ठेवलेले होते आणि ते काम नागपूरहून आलेली एक पीएच.डी. करणारी मुलगी करत होती. मंडळात नवी, एकटी राहणारी, म्हणून हौसेनं मदतीला आलेली.

फिर्यादी होता पुण्याचा एक आयटीतला गृहस्थ. लॉकेट त्याच्या वडिलांचं. वडील म्हणजे काका, सत्तरी ओलांडलेले, सहा महिन्यांसाठी मुलाकडे आलेले. जेवण झालं, निघायची वेळ झाली आणि काकूंनी पाहिलं की काकांचा गळा रिकामा. विचारल्यावर काका म्हणाले, हूक सैल झाला होता म्हणून मी ते कोटाच्या खिशात ठेवलं होतं. कोट आणून पाहिला तर खिसा रिकामा. कोटांच्या खोलीत दिवसभर एकटी कोण, तर ती मुलगी. मी पोहोचलो तोवर सगळ्यांच्या नजरा ठरून गेल्या होत्या.

"सर, वुई वॉन्ट टु प्रेस चार्जेस," मुलगा म्हणाला. "कोणाचं करिअर खराब करायची इच्छा नाही माझी, पण ते गणपतीचं लॉकेट आहे. आईनं बाबांच्या बायपासच्या वेळी घातलंय. इट्स नॉट अबाउट गोल्ड."

शिपायाने मालकिणीला आणि वाढणाऱ्या दोघांना विचारलं होतं. कुणीही पाहिलं नव्हतं. टेबलांखाली, खुर्च्यांमागे, खोलीच्या कोपऱ्यांत झडती झाली होती. कॅमेरा होता तो फक्त पार्किंगवर. मी मुलीला दुसऱ्या दिवशी सकाळी स्टेशनात यायला सांगितलं आणि निघालो. मी स्टेशनात माझ्या टेबलाशी पोहोचतो तोच एका बाईचा फोन आला. नाव सांगणार नाही म्हणाली. तिचं इंग्रजी मी ऐकलं आणि मराठीत बोला म्हटलं.

"त्या मुलीला मी स्वतः पाहिलंय कोटाच्या खिशात हात घालताना. एकदा नाही, दोन-तीनदा. मला यात इन्व्हॉल्व्ह करू नका, प्लीज." एवढं सांगून तिने फोन ठेवला.

खबर अशीच येते. खबर देणारा बहुतेक वेळा खोटं बोलत नाही. त्याने पाहिलेलं खरं असतं, त्याचा अर्थ त्याने घरून आणलेला असतो.

सकाळी मुलगी आली. डोळे सुजलेले. मी तिला समजावलं, की तू अटकेत नाहीस, कधीही उठून जाऊ शकतेस, वकील हवा असेल तर आत्ताच थांबू. ती म्हणाली, वकील कशाला, मी काही केलंच नाही. तिचा प्रबंध पुरा झाला होता आणि जानेवारीत नोकरीवर रुजू व्हायचं होतं. परदेशी विद्यार्थ्याच्या नावावर चोरीची अटक लागली, की पुढे निर्दोष सुटला तरी व्हिसाच्या प्रत्येक खिडकीवर तो प्रश्न उभा राहतो. कधी कधी व्हिसाच जातो. हे मला माहीत होतं आणि तिलाही.

"खिशात हात घातला होतास?"

"हो सर, घातला ना. सगळे लोक ग्लव्ह्ज नुसते वर खोचून देतात. कोट टांगला की खाली पडतात. मी ते परत पॉकेटमध्ये टाकत होते." मग म्हणाली, "घरी अजून काही सांगितलं नाही मी. बाबा लगेच म्हणतील परत ये. सर, मी परत जाऊ शकते, त्याचं काही नाही. पण चोर म्हणून कशी जाऊ?"

तिने पटकन कबूल केलं म्हणून मी विश्वास ठेवला असं नाही. सराईत चोरही पटकन कबूल करतो. पण तिने जे कबूल केलं ते कुणी विचारलं नसतं तरी तिला सांगावंसं वाटत होतं, आणि वाक्यागणिक तिचं बोलणं बदलत नव्हतं. आमच्या लेफ्टनंटचं मत वेगळं होतं. फिर्याद आहे, संधी तिलाच होती, खिशात हात घातल्याचं ती स्वतः सांगते. सुट्ट्या संपून सरकारी वकिलाचं कार्यालय उघडलं की कागद पुढे पाठवून दे, तो म्हणाला. त्याचं चुकत नव्हतं. माझ्याकडे फार तर त्या दिवसाचा वेळ होता.

मी फिर्यादीच्या घरी गेलो. काकूंनी दारातच ओळखलं की आपला माणूस आहे आणि मी नको म्हणायच्या आत पोहे टाकले. अमेरिकेत मी इतक्या घरांत जबाब घेतले, पण लिंबाची फोड ठेवलेली बशी फक्त आपल्याकडेच पुढे येते. काका सोफ्यावर आखडून बसले होते. बोलत होते भरपूर. कोट कोणत्या दुकानातून घेतला, हूक कधी सैल झाला, सोनार काय म्हणाला, सगळं. मी विचारलं, कोणत्या खिशात ठेवलं होतं? आतल्या, ते म्हणाले. थोड्या वेळाने बोलण्याच्या ओघात तोच खिसा बाहेरचा झाला.

"इन्स्पेक्टर साहेब," काकू पोह्यांवर खोबरं घालत म्हणाल्या, "हे लॉकेट हे आंघोळीलासुद्धा काढत नाहीत हो. दवाखान्यात मशीनमध्ये घालताना काढलं होतं, तेव्हासुद्धा माझ्या पर्समध्ये दिलं होतं."

माझा घास तिथेच थांबला. सत्तरीतल्या मराठी नवऱ्याला स्वतःचा खिसा नसतोच. चष्मा, गोळ्या, पासपोर्ट, किल्ली, सगळं बायकोच्या पर्समध्ये. हूक सैल झाला तर या माणसाने लॉकेट शेजारी उभ्या असलेल्या काकूंकडे दिलं असतं. अनोळखी खोलीत टांगायच्या कोटात देव ठेवून दिला, हे काही केल्या पटेना. आमच्या लेफ्टनंटला हे मी कोणत्या भाषेत समजावणार होतो?

मग मी मंडळाच्या लोकांकडून आदल्या दिवशीचे फोटो मागवले. आपल्या लोकांचं एक बरं आहे, जेवण गार झालं तरी चालेल पण फोटो आधी. तासाभरात फोनवर फोटोंचा पाऊस पडला. त्यातल्या एका फोटोत मालकीण टर्कीचं ताट घेऊन येत होती आणि मागे, डोक्यावर सोनेरी कागदाचा मुकुट घातलेले काका उभे होते. अंगात स्वेटर, कॉलर उघडी, आणि गळ्यात चेन स्पष्ट दिसत होती. कोट तर दारातच काढून दिलेला. म्हणजे लॉकेट कोटाच्या खिशात कधी गेलंच नव्हतं. त्यानंतर थोड्याच वेळाने काढलेल्या फोटोत काका नॉनव्हेज टेबलाच्या कडेला बसले होते. गळा रिकामा होता. डोक्यावर मुकुटही नव्हता, तो ताटाशेजारी पालथा पडला होता.

आपल्याकडचा माणूस गळ्यातला गणपती कशासाठी काढतो, हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती.

"काका, घटनेची जागा दाखवायला जरा चला," मी म्हणालो. मुलगा कोट घालू लागला, त्याला थांबवलं. काकूंनी काकांना माकडटोपी घातली आणि आम्ही निघालो. गाडी थोडी पुढे गेल्यावर मी बाजूला घेतली आणि दोन्ही फोटो त्यांच्यापुढे धरले.

"साहेब, हीटर जरा कमी करता का?" ते म्हणाले.

मी कमी केला.

"बायपासच्या वेळी हिनं नवस बोलला. हे वाचले तर घरात मटण-मासे बंद. मी वाचलो. तेव्हापासून मी कशाला शिवलो नाही, देवाशपथ. पण काल ते ताट समोरून गेलं आणि तो वास... मी म्हटलं एक तुकडा. ही त्या टेबलावर बसली होती, पाठ करून. देव गळ्यात ठेवून कसं खाणार? म्हणून काढून टेबलावर ठेवला. तरी तो माझ्याकडेच बघतोय असं वाटायला लागलं. मग त्याच्यावर तो कागदाचा मुकुट झाकला."

"आणि मग?"

"मग दुसरा तुकडा घेतला. तेवढ्यात हिनं हाक मारली, अहो, पुडिंग आलं. मी तोंड पुसत पळालो. आठवण झाली तेव्हा टेबल साफ झालेलं होतं. हिनं गळा पाहिला आणि माझ्या तोंडून कोटाचं निघून गेलं. पोराने पोलीस बोलावले, मग बोलायचं धाडसच होईना." मग त्यांनी खालच्या आवाजात विचारलं, "ती पोरगी रडत होती ना?"

"आज सकाळी माझ्यासमोर रडली," मी म्हणालो. मला त्यांचा राग आला होता आणि तो मी लपवला नाही.

रेस्टॉरंट त्या दिवशी बंद होतं, पण मालकीण वरच्या मजल्यावरच राहायची. कचरा मागच्या मोठ्या पेटीत होता, सुट्टीमुळे गाडी आलेली नव्हती. मी हातमोजे चढवले आणि एकेक काळी पिशवी बर्फावर ओतू लागलो. काका गाडीत बसायला तयार होईनात. माकडटोपी घालून, गुडघ्यावर बसून टर्कीची हाडं आणि कागदी मुकुट चिवडत राहिले. हिरवे, लाल, निळे मुकुट निघाले. सोनेरी एकही निघेना.

आवाज ऐकून मागचं दार उघडलं. मालकिणीची आई, ऐंशीच्या घरातली, बुटकी, अंगावर दोन स्वेटर. ही मागे भांडी घासायची आणि टेबलं आवरायला हात लावायची. तिला इंग्रजीचा एक शब्द येत नव्हता, म्हणून आदल्या दिवशी तिला कुणी काही विचारलंच नव्हतं. तिने आमच्याकडे पाहून मुलीला हाक मारली. मालकीण खाली आली. काय शोधताय, म्हणून विचारलं. सोन्याची चेन, हे तिला कालच कळलं होतं. काकांनी या वेळी हाताने सोंड काढून दाखवली.

मालकिणीने ते आईला सांगितलं. म्हातारीने कपाळावर हात मारला. माझं मनगट पकडलं आणि मला ओढतच आत घेऊन गेली.

पैसे घ्यायच्या काउंटरच्या वर, छताला लागून त्यांचं देवाचं फळकूट होतं. मी तिथे कित्येकदा जेवलो होतो, पण मान वर करून कधी पाहिलं नव्हतं. मधोमध बुद्ध, पुढे लाल सरबताची बाटली, ऑर्किडची माळ. आणि बाजूला, एका स्वच्छ बशीत आमचा गणपती. त्याच्या मागे तो सोनेरी कागदी मुकुट उभा करून ठेवला होता. समोर पुडिंगचा तुकडा.

मालकीण आईचं बोलणं सांगत गेली. मुकुट उचलला तर खाली हा देव, आजूबाजूला हाडं. थायलंडमध्येही या देवाला मानतात, त्याला असं खाली कुणी ठेवत नाही. म्हणून धुऊन वर ठेवला. मुकुट त्याच्या अंगावर होता, तेव्हा तोही त्याचाच असणार. ज्याचा देव आहे तो येईलच, आणि आला की आधी देवाच्या जागीच बघेल, असं आईला वाटलं. आम्ही सगळीकडे शोधलं होतं. चोरीचा माल शोधायचा म्हणून खाली वाकून शोधलं होतं.

काकांनी माकडटोपी काढली आणि हात जोडले. म्हातारीने त्यांची पाठ थोपटली आणि काहीतरी विचारलं. मालकीण हसली, पण अर्थ सांगायला तयार होईना. मी आग्रह केला तेव्हा म्हणाली, "ती विचारते, टर्की चांगली झाली होती का?"

आता माझं काम. मी काकांना सांगितलं, की वस्तू मिळाली, चोरी झालीच नव्हती, एवढं मी कागदावर लिहीन आणि प्रकरण बंद होईल. टर्कीचा उल्लेख कायद्याला नको आहे. पण ज्या लोकांनी काल त्या मुलीकडे पाहिलं ते माझा अहवाल वाचायला येणार नाहीत. त्यांच्या मनातून ती तुमच्याच तोंडाने सुटेल.

आम्ही परतलो. काका घरात शिरले, लॉकेट काकूंच्या हातावर ठेवलं आणि मुलगा, सून, मी, सगळ्यांसमोर उभ्यानेच सगळं सांगून टाकलं. मुकुट झाकल्याचंही. मुलगा सोफ्यावर बसला तो बसलाच. मी काकूंकडे पाहत होतो. नवस मोडल्याचं ऐकून त्या काय करतील याचा मला अंदाज नव्हता.

काकूंनी लॉकेट पदराने पुसलं. "तुमच्या मिशीला ग्रेव्ही होती, ती मी कालच पाहिली," त्या म्हणाल्या. "नवस तुम्ही जगावं म्हणून बोलले होते, ते माझं आणि देवाचं आम्ही बघून घेऊ. पण परक्याच्या लेकीवर आळ येतोय आणि तुम्ही गप्प बसलात? चला. आधी त्या मुलीकडे चला." आणि पायात बूट घालू लागल्या.

आम्ही तिच्या अपार्टमेंटवर गेलो. मी दाराबाहेरच थांबलो. आतून काकांचा तुटक आवाज आला, मग काकूंचा, मग त्या मुलीचा मोठ्याने रडण्याचा. थोड्या वेळाने काकू दारात येऊन मला म्हणाल्या, "साहेब, पोरीनं सकाळपासून काही खाल्लेलं नाही. इथे जवळ काही उघडं आहे का?" आम्ही परत त्या थाई रेस्टॉरंटवरच गेलो. बंद असूनही मालकिणीने दार उघडलं. त्याच संध्याकाळी काकांनी मंडळाच्या ग्रुपवर स्वतःचा आवाज रेकॉर्ड करून पाठवला, सगळं खरं सांगून. मुलाने त्यांना तो पुसायला लावला नाही, उलट खाली स्वतः माफी लिहिली. मुलगी जानेवारीत नोकरीवर रुजू झाली.

पोलिसात आयुष्य गेलं की माणसाला वाटू लागतं, खोटं बोलणारा म्हणजे गुन्हेगार. तसं नसतं. बहुतेक खोटं एखाद्या छोट्याशा लाजेपोटी बोललं जातं, आणि मग ते भलत्याच्या अंगावर जाऊन पडतं. त्या लाजेपर्यंत पोहोचायला माणसाचं घर ओळखावं लागतं. बायकोची पर्स, दोन टेबलं, गळ्यातला देव, या गोष्टी मला कुठल्या ट्रेनिंगमध्ये शिकवल्या नव्हत्या. आणि शोध घेताना मान वर करूनही बघावं, हे मात्र मी त्या म्हातारीकडून शिकलो. निवृत्त होईपर्यंत हाताखालच्या प्रत्येक पोराला मी ते सांगितलं.

पुढच्या नाताळला मी निवृत्त झालो होतो, म्हणून पहिल्यांदाच त्या जेवणाला पाहुणा म्हणून गेलो. काका-काकू परत आलेले होते. कोटांच्या खोलीत तीच मुलगी उभी होती, कुणी सांगितलं नसताना. काकांनी कोट काढून तिच्याकडे दिला. मग सगळ्यांच्या देखत गळ्यातली चेन काढली आणि तिच्या तळहातावर ठेवली.

"जेवण होईपर्यंत सांभाळ गं," ते म्हणाले. "काकूंची परवानगी आहे. वर्षातून एकदा, दोनच तुकडे."

तिने ती दोन्ही हातांत घेतली. खुर्ची ओढून त्यावर चढली आणि काउंटरच्या वरच्या फळकुटावर, बुद्धाच्या शेजारी नेऊन ठेवली. खाली उतरताना तिने डोक्यावरचा कागदी मुकुट काढला आणि तोही तिथेच ठेवून दिला. काकू व्हेज टेबलावर आमच्याकडे पाठ करूनच बसल्या होत्या.